मिडसेमनंतरचे दोन आठवडे

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पहिल्या मिडसेमचे, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचे, तपासलेले पेपर साधारण सप्टेंबरच्या शेवटी हातात पडतात. गणितात तीसपैकी आठ. मुलगा पेपरची चौघडी करतो, सॅकच्या आतल्या कप्प्यात सारतो आणि रात्री घरून फोन आला की सांगतो, ‘बरे गेले पेपर.’ आठ हा आकडा त्याने स्वतःच्या नावापुढे याआधी कधी पाहिलेला नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला तो जात नाही, कारण सर काही विचारतील अशी धास्ती असते. एक तास बुडाला की पुढचा कळत नाही, कळत नाही म्हणून तोही बुडतो, ट्युटोरियलची शीट कोरी राहते, असाइनमेंटची तारीख निघून जाते. मग सरांचा किंवा टीएचा, म्हणजे सरांना शिकवण्यात मदत करणाऱ्या सिनियरचा, मेल येतो. तो उघडलाच जात नाही.

आयआयटी, एनआयटी, सीओईपी, व्हीजेटीआय अशा ठिकाणी पहिल्या वर्षाला जी मुलं खचतात, त्यांच्यातल्या पुष्कळांची सुरुवात इथून होते. आठ मार्कांनी कुणाचं वर्ष जात नाही. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जी लपवाछपवी सुरू होते, तिच्यात वर्ष जातं आणि कधीकधी त्याहून खूप जास्त जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. म्हणून या दोन आठवड्यांबद्दल जरा तपशिलात लिहितो आहे.

आधी हे का होतं, ते पाहू. २०२४ साली जेईई अॅडव्हान्स्डचे, म्हणजे आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेचे, दोन्ही पेपर १,८०,२०० मुलांनी दिले, ४८,२४८ पात्र ठरले आणि आयआयटीच्या जागा होत्या १७,७४०. म्हणजे वर्गात बसलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेत, तालुक्यात पहिल्या दोन-तीनांत आलेला. अशी दीडशे मुलं एका खोलीत बसवली की त्यातली पंचाहत्तर खालच्या अर्ध्यात जाणारच. त्यात बऱ्याच ठिकाणी ग्रेड वर्गाच्या सरासरीकडे बघून ठरते. तीसपैकी आठ वाईट की बरे, हे वर्गाची सरासरी अकरा आहे की बावीस, यावर अवलंबून असतं. पण पेपर हातात आल्यावर सरासरी विचारायचं भान कुणाला नसतं. बाकी सगळ्यांना बावीस पडलेत असंच वाटतं, कारण ज्यांना बावीस पडलेत तेच कॉरिडॉरमध्ये बोलत असतात.

दुसरं कारण अभ्यासाच्या पद्धतीत आहे. लातूर असो, कोटा असो, की पुण्यातलं एखादं इंटिग्रेटेड (अकरावी-बारावी आणि क्लास एकत्र असलेलं) कॉलेज असो, दोन वर्षं मुलाचा दिवस दुसऱ्या कुणीतरी आखलेला असतो. रोजची प्रश्नपत्रिका, रविवारी टेस्ट, सोमवारी रँकलिस्ट. चुकलं की आठ दिवसांत कळतं. कॉलेजात सात-आठ आठवडे कुणीच काही विचारत नाही आणि नंतर एकदम मिडसेम येते. एका तासात जेवढं शिकवतात, तेवढ्याला क्लासमध्ये आठवडा लागायचा. मुलं हुशारीत कमी पडत नाहीत. चूक लवकर कळण्याची सोय गेलेली असते आणि ती स्वतः उभी करायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण थोडी निराळी. त्यांना विषय कळत नाही असं फार क्वचित असतं, इंग्रजी वाचण्याचा वेग कमी पडतो. तासाला फळ्यावरचं उतरवेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. यावर एक साधा उपाय चालतो: आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं, फक्त उद्याच्या प्रकरणातले नवे शब्द आणि आकृत्या बघून ठेवायच्या. समजून घ्यायचं नाही, नुसती ओळख करून घ्यायची. तासाला तो शब्द दुसऱ्यांदा कानावर पडतो आणि हात मोकळा राहतो. प्रोग्रॅमिंगच्या विषयात मात्र हे पुरत नाही. शेजारच्याने शाळेत चार वर्षं कोडिंग केलेलं असतं आणि आपण कीबोर्डवर अक्षरं शोधत असतो. तिथे आठवड्यातून चार दिवस पाऊण तास स्वतःच्या हाताने टाइप करून प्रोग्रॅम चालवणं, एवढाच मार्ग. दुसऱ्याचं कोड कॉपी करून लॅब भागते, पण एंडसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला, ते अंगाशी येतं.

आणखी एक गोष्ट, जी मोकळेपणाने बोलली जात नाही. ‘तुझी रँक किती?’ हा प्रश्न हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात येतो आणि बऱ्याचदा तो जात विचारण्याचा आडवळणी मार्ग असतो. आरक्षणातून आलेल्या मुलाला मग तीसपैकी आठ म्हणजे आपल्याबद्दल लोक जे बोलतात त्याचा पुरावाच वाटू लागतो. आयआयटी मुंबईने २०२३ साली भेदभावाविरुद्ध सूचना काढल्या, त्यात कुणाची रँक किंवा प्रवर्ग कळावा म्हणून असे प्रश्न विचारणं अयोग्य असल्याचं स्पष्ट लिहिलं. हा प्रश्न विचारला गेला तर उत्तर देणं बंधनकारक नाही. त्रास सुरू राहिला तर तारीख, वेळ, कोण काय बोललं हे त्याच दिवशी लिहून ठेवावं आणि संस्थेच्या एससी-एसटी सेलकडे लेखी द्यावं. तोंडी तक्रार विरून जाते.

आता मिडसेमनंतर नेमकं काय करायचं.

पहिली रात्र हिशोबाची. एक कोरा कागद घ्यावा. प्रत्येक विषयापुढे क्रेडिट (त्या विषयाचं निकालातलं वजन), आतापर्यंत मिळालेले मार्क आणि उरलेले मार्क लिहावेत. समजा एका विषयात मिडसेम ३०, क्विझ २०, एंडसेम ५०. मिडसेमला ८ आणि क्विझला ७ पडले, म्हणजे ५०पैकी १५. पास व्हायला साधारण ३५ ते ४० लागत असतील, तर एंडसेमला ५०पैकी २० ते २५ हवेत. अवघड आहे, पण अशक्य मुळीच नाही. पूर्ण पदवीचाही असाच हिशोब करून बघावा. आठ सेमिस्टर समान क्रेडिटची धरली आणि पहिलं दहापैकी ५.५ ग्रेड पॉइंटला गेलं, पण पुढची सात ७.५ ने काढली, तर शेवटी ७.२५ येतात. पहिली दोन्ही ५.५ ला गेली तरी ७.० येतात. मन ‘सगळं संपलं’ म्हणत असताना कागदावर ७.० दिसणं याला किंमत आहे. हा हिशोब डोक्यात करू नये, डोकं त्या रात्री खोटा हिशोब करतं.

हिशोब केल्यावर एखादा विषय खरंच हाताबाहेर गेलेला दिसला, तर कोर्स ड्रॉप करण्याची शेवटची तारीख शैक्षणिक कॅलेंडरमध्ये बघावी. अशी सोय सगळीकडे नसते, पण जिथे असते तिथे मुलांना ती तारीख उलटून गेल्यावर कळते. एक विषय सोडून बाकीचे चार नीट काढणं हे पाचही विषयांत बॅक लावून घेण्यापेक्षा, म्हणजे नापास होण्यापेक्षा, कितीतरी बरं. पुणे-मुंबईच्या विद्यापीठांकडच्या कॉलेजांत पुढच्या वर्षात जायला किती विषय राहिलेले चालतात, हा नियमही आत्ताच वाचून ठेवावा. वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया जाणं) बसेल या भीतीने झोप उडालेल्या कित्येकांनी तो नियम एकदाही वाचलेला नसतो, सिनियरने सांगितलेल्यावर विसंबून असतात.

राहिलेला अभ्यास भरून काढताना जवळजवळ सगळे एकच चूक करतात: पहिल्या लेक्चरपासून सुरुवात करतात. बारा तास मागे असतील तर ते संपेपर्यंत वर्ग आणखी आठ तास पुढे गेलेला असतो, गाठ कधी पडतच नाही आणि दहा दिवसांनी सगळंच सोडून दिलं जातं. त्याऐवजी आजच्या तासाला जाऊन बसावं, काही कळलं नाही तरी. आजचं आजच वाचावं. मागचं रोज एक, रविवार सोडून. बारा तास दोन आठवड्यांत निघतात. त्यातही व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा ट्युटोरियलच्या शीटपासून सुरुवात करावी. प्रश्न अडला की तेवढ्यापुरतं नोट्समध्ये मागे जावं. दीड पट वेगाने सहा तास व्हिडिओ बघून अभ्यास झाल्यासारखा वाटतो, पण पेपरमध्ये पेन हलत नाही.

तो न उघडलेला मेल उघडावा. एकट्याने होत नसेल तर रूममेटला शेजारी बसवून, त्याला वाचायला सांगून. निम्म्या वेळा मेल साधाच निघतो: ‘असाइनमेंट दिसली नाही, भेट.’ उत्तर चार वाक्यांचं पुरे. विषयाच्या ओळीत कोर्स कोड आणि रोल नंबर. पुढे असं: सर, मी असाइनमेंट दोन आणि तीन वेळेत दिल्या नाहीत. मिडसेमनंतर माझे तास बुडाले, या सोमवारपासून मी येतो आहे. उशिराचे मार्क कापून तरी त्या स्वीकारता येतील का? गुरुवारी किंवा शुक्रवारी दहा मिनिटं भेटायला येऊ का? बस्स. माफीचा दीड पानी मजकूर लिहायला गेलं की तो मनासारखा होत नाही आणि पाठवलाच जात नाही. सगळी कारणं सांगायची गरज नसते. नेमकी एक मागणी मात्र हवी, कारण नुसतं ‘मी अडचणीत आहे’ एवढ्यावर काय करायचं हे सरांनाही सुचत नाही. मेल दिवसा पाठवावा. पहाटे तीनला लिहिलेला मेल सकाळी वाचताना वेगळा वाटतो.

झोपेचं काय, हे विचारल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. पहाटे चारला झोपायचं, साडेअकराला उठायचं, मेसचा नाश्ता बुडवायचा, दुपारी दोनला पहिलं जेवण. असं तीन आठवडे चाललं की निराशेचा आजार नसलेल्या माणसालाही त्याच्यासारखंच वाटू लागतं: लक्ष लागत नाही, रडू येतं, भूक मरते. झोपेची वेळ ठरवून काही होत नाही, कारण अंथरुणात पडल्यावर झोप येणं आपल्या हातात नसतं. उठायची वेळ आपल्या हातात असते. ती आठ ठरवावी आणि रात्री कितीही वाजता झोपलं तरी आठलाच उठावं, रविवारीसुद्धा. उठल्यावर वीस मिनिटं उन्हात चालत मेसपर्यंत जावं. चार-पाच दिवस अंग फार जड राहतं, मग झोप आपोआप अलीकडे सरकते. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं. रात्री दहाला नाइट कँटीनची कॉफी घेतली तर पहाटे तीनला त्यातली अर्धी शिल्लक. आणि लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर.

एवढं करूनही उतार पडत नसेल तर? एक मोजमाप आहे. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली डॉक्टर जगभर वापरतात आणि ती मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा जास्त आले तर कुणाला तरी भेटायला हवं, वीस किंवा जास्त तर लगेच. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर बेरीज बघत बसू नये, त्याच दिवशी बोलावं. या प्रश्नावलीने निदान होत नाही, ते डॉक्टर करतात. पण ‘माझं फार काही नाही’ असं स्वतःला समजावत राहणं तिने थांबतं.

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना मुलांना सगळ्यात मोठी भीती असते ती घरी आणि विभागात कळण्याची. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका दिसला, तर मात्र समुपदेशक गरजेपुरतं संबंधितांना सांगतो, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो. त्याने केलं नाही तर आपण विचारावं. पहिल्या सेमिस्टरला कित्येकांना अठरा पूर्ण नसतात. त्यांच्या औषधोपचारासाठी पालकांची संमती लागते, हेही आधीच माहीत असलेलं बरं. पहिली भेट पाऊण तासाची असते. झोप, जेवण, घर, अभ्यास, आधी असं कधी झालं होतं का, असे प्रश्न येतात. पहिल्या भेटीत हलकं वाटेलच असं नाही, काहींना उलट जास्त थकल्यासारखं होतं. निदान तीन भेटी द्याव्यात. तरीही सूर जुळला नाही तर दुसरा समुपदेशक मागावा, यात कुणाचा अपमान नाही.

औषध फक्त डॉक्टर लिहून देतात, सहसा मानसोपचारतज्ज्ञ. ते आधी बऱ्याचदा रक्त तपासायला सांगतात: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. मेसमध्ये शाकाहारी जेवून आणि दूध-दही टाळून बी-१२ खाली गेलेल्या मुलांचा थकवा हुबेहूब नैराश्यासारखा दिसू शकतो. नैराश्यावरची नेहमीची औषधं काम करायला दोन ते सहा आठवडे घेतात, पण मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा हे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात. नेमकी इथेच मुलं गोळी सोडतात. पंचवीस वर्षांखालच्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढताहेत का, याकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून आठ-दहा दिवसांतली दुसरी भेट चुकवू नये. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या मनाने बंद केल्या की चक्कर, चिडचिड होते आणि बऱ्याचदा आजार उलटतो. बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते, केसपेपर नाममात्र दरात निघतो. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

रूममेटबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण वॉर्डनला आणि आईवडिलांना दिसायच्या कितीतरी आधी त्याला दिसतं. मेसला येणं बंद होतं. कपडे धुवायचे राहतात. आवडीची वस्तू ‘तूच ठेव’ म्हणून देऊन टाकली जाते. बोलण्यात ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं वारंवार येतं. आठवडाभर कोसळलेला माणूस एकाएकी फार शांत होतो. अशा वेळी विचारायचं, आणि सरळ विचारायचं: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी तो शब्द उच्चारला म्हणून समोरच्याला बोलता येतं. ‘वेडा आहेस का’, ‘तुला काय कमी आहे’ हे नको. तो ‘हो’ म्हणाला तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. त्याला एकटं सोडू नये, धोका वाटेल अशा वस्तू खोलीतून हलवाव्यात, दुसऱ्या मित्राला बोलवावं आणि वॉर्डन किंवा कॅम्पसच्या दवाखान्यात फोन करावा. जिवाला तत्काळ धोका असेल तर १०८ किंवा ११२. मित्र उद्या रागावेल, रागावू दे. पोलिसांचं लचांड मागे लागेल या भीतीने दवाखाना टाळण्याचंही कारण नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असं कायदाच गृहीत धरतो आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी मानतो.

पालकांसाठी रविवारचा फोन. ‘किती पडले?’ या प्रश्नाला खोटं उत्तर येणार हे ठरलेलं असतं. त्याऐवजी, ‘आज काय जेवलास? कुणाबरोबर?’ विचारा. जेवण कुणाबरोबर झालं, हे मार्कांपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं. सलग तीन रविवार ‘एकटाच’ असं उत्तर आलं तर गाडीचं तिकीट काढा. जाऊन दोन दिवस राहा, कर्जाचा आणि शेजारच्या मुलाच्या पॅकेजचा विषय काढू नका. घरी आणायचं ठरलं तर नुसतं उचलून आणू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रजेचा अर्ज विभागात देऊन पोच घ्या. ते राहून गेलं की ७५ टक्के हजेरीच्या नियमात मुलगा अडकतो, बरा होऊन परत येतो आणि पहिल्याच दिवशी परीक्षेला बसू देणार नाही असं ऐकतो. पूर्ण सेमिस्टर सोडायचं असेल तर त्याचा वेगळा अर्ज असतो. फी, हॉस्टेलची खोली आणि शिष्यवृत्तीचं काय होणार, हे तिन्ही लेखी विचारून घ्या.

संस्थांनी काय करायचं, हे आता कुणाच्या मर्जीवर राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, मार्कांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, मदतीचे क्रमांक हॉस्टेलमध्ये ठळक लावायचे, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं. कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशफेरीच्या, वेळी प्लेसमेंटचा आकडा विचारतो, तसं समुपदेशक पूर्ण वेळ आहे की आठवड्यातून दोन तास येतो, आणि भेटीची वेळ किती दिवसांनी मिळते, हे विचारायला काहीच हरकत नाही.

माझ्या मते मात्र सगळ्यात स्वस्त उपाय हजेरीपटात आहे. सलग चार तास बुडवलेल्या मुलाचं नाव त्याच आठवड्यात कुणाच्या तरी डोळ्यांसमोर यायला हवं, सेमिस्टरच्या शेवटी डिफॉल्टर लिस्टमध्ये नव्हे. आणि ते नाव बघणाऱ्याने नोटीस काढू नये. खोलीवर जाऊन दार वाजवावं, ‘जेवायला येतोस का?’ विचारावं.

रजेवरून परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी सगळे विषय एकदम घ्यायला लावू नये. नियमात बसत असेल तर क्रेडिट कमी घ्यावेत, सकाळी आठचा तास शक्यतो टाळावा, औषधं आणि पुढच्या भेटीची तारीख टेबलावर चिकटवून ठेवावी. पहिले पंधरा दिवस नाश्त्याला कुणीतरी ठरलेला सोबती असावा. पहिली क्विझ आली की तिचा पेपर त्या सोबत्यासमोरच उघडावा, मार्क कितीही असोत, सॅकच्या कप्प्यात जायच्या आधी.